जाड्या-रड्याचे तुकडे करू नका : फिल्म सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांचे आणि बालचित्रपट महोत्सवांचे सर्व आयोजक,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवते. शनिवारची शाळा सकाळची असते, त्यामुळे महिन्यातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी मुलांना सिनेमा दाखवते. हे पत्र लिहायला कारण घडलं ते गेल्या हिवाळ्यात. शहरातल्या एका बालमहोत्सवाच्या पत्रिकेत ‘लॉरेल आणि हार्डी’ असं छापलेलं दिसलं आणि मी चाळीस मुलांना एसटीने तिकडे घेऊन गेले. आठवडाभर आधीपासून वर्गात त्यांच्याबद्दल सांगत होते. माझ्या लहानपणी आमच्या घरात जुन्या अमेरिकी विनोदी चित्रपटांतल्या या दोघांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हतं. ते जाड्या (हार्डी) आणि रड्या (लॉरेल) होते, आणि ते दिसले की स्वयंपाकघरातून आजीसुद्धा हात पुसत बाहेर यायची.

महोत्सवात जे दाखवलं ती बारा मिनिटांची फीत होती. वेगवेगळ्या चित्रपटांतलं पडणं, आपटणं, लाथा, तोंडावर फेकलेले क्रीमचे केक (इंग्रजीत ‘पाय’), सगळं एकापाठोपाठ एक जोडलेलं. कृष्णधवल चित्राला रंग दिलेले, मागे धडधडणारं नवं संगीत, आणि प्रत्येक आपटण्यावर यंत्रातून काढलेलं हसू. पहिली दोन मिनिटं मुलं हसली. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेत डबे उघडले गेले.

नंतर मी आयोजकांना भेटले. गृहस्थ मनापासून काम करणारे होते, वर्गणी जमवण्यापासून खुर्च्या लावण्यापर्यंत सगळं त्यांनी स्वतः केलं होतं. ते म्हणाले, “बाई, पूर्ण फिल्म मुलांना संथ वाटते. म्हणून वेचक तेवढं घेतलं.” त्यांच्यावर माझा राग नाही. पण हेच वाक्य मी याआधीही दोन-तीन ठिकाणी ऐकलं आहे, आणि ते चुकीचं आहे असं मला तुम्हा सगळ्यांना कळकळीने सांगायचं आहे. तुम्ही जे कापून टाकता, त्यातच या दोघांचा विनोद आहे.

नाटकाशी संबंध आलेल्या कोणालाही हे लगेच पटेल. हशा पडला की नट थांबतो. तो उतरायला लागला की पुढचं वाक्य उचलतो. वाक्य लवकर उचललं तर ते हशाखाली बुडतं, उशिरा उचललं तर प्रयोग पडतो. रंगमंचावरच्या नटाला समोरचा प्रेक्षक ऐकू येतो, म्हणून हे जमतं. पडद्यावरच्या नटाला समोर कोण बसणार आहे हे माहीतच नसतं. मग तो थांबणार कुठे आणि किती?

स्टॅन लॉरेल हा मुळात रंगभूमीचा माणूस. इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टन गावी १८९० साली जन्मलेला, वडील नाटकाच्या धंद्यात. सोळाव्या वर्षी तो ग्लासगोमध्ये पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला. पुढे फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीत चार्ली चॅप्लिनचा बदली नट होता आणि त्याच कंपनीबरोबर १९१० साली अमेरिकेला गेला. समोरच्या माणसांचा श्वास ओळखणं त्याच्या अंगात मुरलेलं होतं. निर्माता हॅल रोचच्या स्टुडिओत या जोडीचे चित्रपट बनू लागले तेव्हा दिग्दर्शक म्हणून नाव दुसऱ्याचं असलं, तरी प्रसंग रचण्यात आणि पुढे संकलनाच्या टेबलावर लॉरेल असायचाच. त्या स्टुडिओत चित्रपट तयार झाला की तो आधी एखाद्या साध्या थिएटरात लोकांना दाखवत. लोक कुठे हसतात, किती वेळ हसतात, ते टिपून घेत, आणि मग परत येऊन कापाकापी करत. जिथे मोठा हशा पडायचा तिथे चित्र थोडं लांबवायचं, म्हणजे पुढची गोष्ट त्या आवाजात हरवणार नाही.

हार्डी चिखलात बसलेला असतो आणि सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, बघत राहतो. हे बघणं मोबाइलवर एकट्याने पाहताना फार लांबलेलं वाटतं. ते तसं वाटणारच. कारण ती जागा आपल्या हशासाठी सोडलेली आहे, आणि एकट्या माणसाचा हशा तिला पुरत नाही. भरलेल्या सभागृहात तेच चार-पाच सेकंद कमी पडतात.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. महोत्सवाहून परतल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी शाळेच्या हॉलमध्ये ‘द म्युझिक बॉक्स’ पूर्ण दाखवला. १९३२चा चित्रपट, अर्ध्या तासाच्या आतला. विनोदी लघुपटासाठी ऑस्कर देणं त्या वर्षी सुरू झालं आणि पहिलाच मान याला मिळाला. खिडक्यांना चादरी लावल्या, प्रोजेक्टर बाकावर ठेवला आणि पाचवी ते सातवीची साठ मुलं सतरंजीवर बसवली. सुरुवातीला फक्त एवढंच सांगितलं, की या दोघांना एक पियानो एका घरी पोचवायचा आहे आणि ते घर खूप पायऱ्या चढून वर आहे.

त्या पायऱ्या लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात आजही आहेत, एकशे तेहेतीस. पियानो लाकडी खोक्यात बंद आहे. खोकं प्रत्येक पायरीला टेकलं की आतून तारांचा झणत्कार होतो, आणि हा आवाज हळूहळू एखाद्या तिसऱ्या पात्रासारखा होतो. पहिली काही मिनिटं मुलं नुसती बघत होती. मी मधे काही बोलले नाही. वरून बाबागाडी घेऊन एक दाई येते, तिला वाट द्यायला दोघे खोकं सोडतात आणि ते झणझणत थेट रस्त्यावर जातं. इथे पहिला हशा. दुसऱ्यांदा चढू लागले तेव्हा पोरं गुडघ्यांवर उठली. खोकं पुन्हा घसरण्याच्या बेताला आलं तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, “अरे सोडू नको!” तोवर सगळा हॉल त्या खोक्याला खांदा देत होता.

अखेर ते वर पोचतात. तिथे पोस्टमन भेटतो आणि सांगतो, तो खालचा रस्ता दिसतोय ना, तो वळसा घेऊन वरच येतो, घोडागाडी तिथून आणली असती तरी चाललं असतं. दोघे एकमेकांकडे बघतात. त्यांना मुद्दा पटतो. आणि ते खोकं उचलून पुन्हा सगळ्या पायऱ्या उतरतात, गाडीत घालतात आणि रस्त्याने वर आणतात.

ते उतरायला लागले तेव्हा आमच्या हॉलमध्ये क्षणभर चिडीचूप झालं. मग एका मुलीच्या लक्षात आलं. मग तिच्या रांगेच्या. मग तो हशा भिंतीपर्यंत जाऊन परत आला, आणि पडद्यावर ते दोघे उतरतच होते. जणू त्या मुलांचं हसू आधीच मोजून तेवढ्या पायऱ्या ठेवल्या होत्या.

आता सांगा, बारा मिनिटांच्या फितीत हे कुठे बसेल? पियानो घसरतानाचे तीन सेकंद त्या फितीत होते. उतरणं नव्हतं, आणि असूही शकलं नसतं. नुसतं ते कापून घेतलं तर दोन माणसं एक खोकं घेऊन जिना उतरताहेत, एवढंच दिसेल. त्यामागे आधीची सगळी चढण लागते, आपणही दमलेलं असावं लागतं.

सिनेमा संपल्यावर सहावीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, वर तर नेलाच होता ना? मग खाली कशाला नेला?” मी उत्तर द्यायच्या आत तिच्या शेजारचा म्हणाला, “अगं, त्या पोस्टमनने बरोबर रस्ता सांगितला ना त्यांना!” यावर पंधरा मिनिटं वाद चालला. अर्धा वर्ग म्हणत होता ते मूर्ख आहेत, अर्धा म्हणत होता ते प्रामाणिक आहेत. या जोडीवर मोठमोठी पुस्तकं लिहिली गेली आहेत, पण गाभ्याचा प्रश्न त्या सतरंजीवर बरोबर विचारला गेला.

‘संथ’ या शब्दाबद्दल अजून थोडं. १९२०च्या दशकातला अमेरिकी विनोदी मूकपट धावता होता. पोलीस धावताहेत, मोटारी उलटताहेत, एक आपटतोय तोवर दुसरा आपटला. लॉरेल आणि हार्डीने, आणि १९२७च्या सुमारास त्यांची जोडी जुळवण्याचं श्रेय ज्याला जातं त्या दिग्दर्शक लिओ मॅकॅरीने, हा वेग मुद्दाम कमी केला. त्यांचा ‘बिग बिझनेस’ हा १९२९चा मूकपट बघा. दोघे कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात दारोदार ख्रिसमसची झाडं विकताहेत. घरमालक झालेल्या जेम्स फिनलेसनच्या दारात झाडाची फांदी अडकते, मग कोटाचं टोक अडकतं, आणि प्रत्येक वेळी त्यांना पुन्हा घंटी वाजवावी लागते. त्याने चिडून झाड कापलं की हे त्याच्या घराची एक वस्तू मोडतात. मोडताना तो मधे पडत नाही. उभा राहून नीट बघतो, आणि यांचं झालं की यांच्या गाडीकडे वळतो. आता हे दोघे उभे राहून बघतात. शेवटी एक घर आणि एक मोटार यांचा चक्काचूर होतो, तरी कोणी कोणाची पाळी मोडलेली नसते. रस्त्यावर एक पोलीस वहीत सगळं टिपून घेत असतो. भांडणातली ही शिस्त काढून टाका आणि फक्त मोडतोड ठेवा. मग राहतो तो कचरा. मुलांना कंटाळा येतो तो या कचऱ्याचा.

म्हणून माझी पहिली विनंती हीच, की जे दाखवाल ते पूर्ण दाखवा. वेळ कमी असेल तर एकच दाखवा. यातले बहुतेक लघुपट वीस ते तीस मिनिटांचे आहेत, भाषणं थोडी आवरली तरी तेवढा वेळ निघतो.

रंग देऊ नका. संगणकाने रंग भरायची टूम १९८०च्या दशकात आली आणि ‘द म्युझिक बॉक्स’लाही रंगवून झालं. काळी हॅट, पांढऱ्या पायऱ्या, चेहऱ्यावरची ती बारीक हालचाल, हे सगळं करडेपणातच उठून दिसतं. हे मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून सांगते आहे.

आणि आवाज त्यांचाच राहू द्या. मराठीत डब करून वर पदरचे विनोद घालण्याची गरज नाही. बोलपट आला तेव्हा परदेशी प्रेक्षकांसाठी या दोघांनी स्वतःच स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन आणि जर्मन संवाद म्हटले. भाषा येत नव्हती, कॅमेऱ्याच्या बाजूला फळ्यावर उच्चार लिहून ठेवलेले असायचे आणि हे ते वाचत. इटलीच्या लोकांना ते मोडकं बोलणं इतकं आवडलं की पुढे तिथल्या डबिंग करणाऱ्यांनीही तोच परका हेल कायम ठेवला. आपल्याकडे एखाद्या शिक्षकाने माइकवरून जरुरीपुरती दोन वाक्यं मराठीत सांगितली तरी भागतं. मी तसंच करते.

मूकपट असेल तर एक गोष्ट जरूर करून बघा. या चित्रपटांच्या काळात थिएटरात पडद्याजवळ बसून कोणीतरी पियानो किंवा ऑर्गन वाजवत असे. चित्र बघत बघत वाजवायचं. आपल्या गावोगावी भजनाला, नाटकाला साथ करणारे पेटीवाले आणि तबलजी आहेत, आणि नटाच्या पावलाबरोबर थाप द्यायची त्यांना सवय आहे. यंत्रातून धडधड लावण्याऐवजी त्यांना बोलवा. ‘बिग बिझनेस’ला तबल्याची साथ मी आमच्याकडे ऐकली आहे. फिनलेसन दार उघडतो त्या प्रत्येक वेळी आमच्या तबलजींनी सम गाठली, आणि चौथ्या वेळेला मुलं समेवर टाळी देऊ लागली.

आता नावाबद्दल. जाड्या-रड्या हे नाव मला प्रिय आहे. जर्मनीत या जोडीला ‘जाडा आणि मूर्ख’ म्हणतात, ब्राझीलमध्ये ‘जाडा आणि बारीक’, पोलंडमध्ये ‘फ्लिप आणि फ्लॅप’. आपण मात्र लॉरेलचं रडणं हेरलं. डोक्यावरचे केस वर ओढत, चेहरा चुरगाळत, लहान मुलासारखं ते मुसमुसणं. ज्याने कोणी हे नाव पहिल्यांदा उच्चारलं त्याची नजर चांगली होती.

पण ‘जाड्या’ म्हणताना जरा सांभाळायला हवं. त्या महोत्सवाहून येताना एसटीत आमच्या वर्गातल्या एका अंगाने भरलेल्या मुलाला सगळ्यांनी तेच नाव लावलं आणि तो गावापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. तुकड्यांच्या फितीत हार्डी म्हणजे फक्त पडणारा एक जाडा माणूस असतो. पूर्ण चित्रपटात तो तसा राहत नाही. तो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जियाचा, १८९२चा जन्म, आई छोटं हॉटेल चालवायची. त्याच्या अंगात तिथली जुनी अदब होती. दाराची घंटी तो किती हलक्या बोटाने वाजवतो ते बघा. गांगरला की टायचं टोक बोटांनी कसं फडफडवतो, ‘मी मिस्टर हार्डी आणि हा माझा मित्र मिस्टर लॉरेल’ अशी ओळख किती सन्मानाने करून देतो, ते बघा. खिशात दमडी नसताना हे दोघे एकमेकांना मिस्टर म्हणतात. १९३७च्या ‘वे आउट वेस्ट’मध्ये तो दारूच्या गुत्त्याबाहेर नाचतो तेव्हा त्याची पावलं एखाद्या निष्णात नर्तकाइतकी हलकी पडतात. हसू येतं ते त्याच्या ऐटीवर आणि ती सावरताना होणाऱ्या त्याच्या धांदलीवर. ‘द म्युझिक बॉक्स’नंतर सोमवारी मधल्या सुट्टीत तोच मुलगा हार्डी झाला होता. शाळेचा टाय बोटांनी फडफडवत होता, आणि बाकीची पोरं ‘आम्हाला पण शिकव’ म्हणून त्याच्याभोवती जमली होती.

तुम्हा आयोजकांना हार्डी जवळचा वाटावा असं अजून एक कारण आहे. नट होण्याआधी, १९१०च्या सुमारास, तो मिलेजव्हिल गावातल्या नव्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा, तिकिटं फाडायचा, झाडूही मारायचा. रोज तेच विनोदी चित्रपट बघून बघून त्याला वाटलं, की हे आपण याहून बरं करू.

दोघांनी मिळून एकशे सात चित्रपटांत काम केलं. त्यांतला एक तरी आता कोणालाच बघता येत नाही. १९२७चा ‘हॅट्स ऑफ’. त्यात या दोघांनी ‘द म्युझिक बॉक्स’च्याच पायऱ्यांवरून कपडे धुण्याचं यंत्र वर नेलं होतं. त्याची एकही प्रत आज सापडत नाही. त्याच वर्षीच्या ‘बॅटल ऑफ द सेंच्युरी’मधल्या क्रीमच्या केकांच्या प्रसिद्ध फेकाफेकीचं बरंचसं चित्रणही कित्येक दशकं हरवलेलं होतं. त्याचं दुसरं रीळ २०१५ साली एका संग्राहकाच्या डब्यांत मिळालं. जे वाचले त्यांच्या मूळ निगेटिव्हही वारंवार प्रती काढून झिजल्या होत्या. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या चित्रपट संग्रहालयाने आणि काही चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून त्यांतले बरेच चित्रपट पुन्हा स्वच्छ केले आहेत. तेव्हा इंटरनेटवरून उतरवलेली धुरकट प्रत लावू नका. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं असतो आणि हे चित्रपट नव्वद वर्षांचे झाले. अडचण असते ती चांगली प्रत मिळवण्याची. एकट्या शाळेला ते झेपत नाही, दहा सोसायट्यांनी मिळून ठरवलं तर सहज झेपेल.

१९४० साली हॅल रोचचा स्टुडिओ सुटला. पुढे मोठ्या स्टुडिओंत लॉरेलला प्रसंग रचायची आणि संकलनाची मोकळीक उरली नाही. ते चित्रपट बघवत नाहीत, कारण त्यांत थांबणंच नाहीसं झालं. मुलांना दाखवायला ते निवडू नका. उतारवयात दोघे ब्रिटन-आयर्लंडमध्ये रंगमंचावर प्रयोग करत फिरले. सप्टेंबर १९५३मध्ये त्यांची बोट आयर्लंडच्या कोव्ह बंदराला लागली तेव्हा धक्क्यावर माणसांची गर्दी होती आणि टेकडीवरच्या कॅथेड्रलच्या घंटांवर त्यांच्या चित्रपटांच्या सुरुवातीला वाजणारी ती कोकिळेची धून वाजत होती. पडद्यावर फक्त रड्या रडायचा, त्या दिवशी दोघेही रडले. १९५७ साली हार्डी गेला. त्यानंतर लॉरेल साडेसात वर्षं जगला, पण पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. घरी बसून प्रसंग मात्र लिहायचा, आणि तेही दोघांसाठीच. सांता मोनिकात त्याचं नाव आणि नंबर टेलिफोन डिरेक्टरीत सरळ छापलेला असे. कोणीही फोन करावा, तो बोलायचा.

आमच्या शाळेतला पुढचा खेळ दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी आहे. मुलांनी ‘बिग बिझनेस’ पुन्हा मागितला आहे आणि तबलजी येणार आहेत. तुमच्यापैकी ज्यांना पूर्ण चित्रपट मुलांसमोर टिकेल की नाही याची शंका असेल, त्यांनी या आणि मुलांबरोबर सतरंजीवर बसून बघा. पडद्याकडे पाठ करून बसलात तरी चालेल, मुलांचे चेहरे दिसतील. आणि कोणाकडे चांगली प्रत असेल तर कृपया सोबत आणा, आमच्या प्रतीत शेवटचा चिरूट नीट दिसत नाही.

आपली नम्र,
एक चित्रकला शिक्षिका